आधी पाटीवर, मग पडद्यावर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाची आज्ञावली लिहायला शिकावे की नाही, हा वाद आता जवळजवळ मागे पडला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निरनिराळ्या शाखांमधल्या भिंती ठेंगण्या केल्या आणि मराठी, इतिहास, अर्थशास्त्र घेणाऱ्यांच्या वेळापत्रकातही संगणकाचा एखादा विषय डोकावू लागला. आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सर्रास प्रोग्रॅम म्हणतो, ती आता फक्त विज्ञान शाखेच्या इमारतीत राहिलेली नाही. प्रश्न उरतो तो एवढाच की, ती शिकवायची कशी? कारण ज्या पद्धतीने ती सध्या बहुतेक ठिकाणी शिकवली जाते, त्या पद्धतीने आपल्यापैकी पुष्कळजण पहिल्या महिन्यातच 'हे आपले काम नव्हे' असा कौल स्वतःविरुद्ध देऊन मोकळे होतात. हा कौल चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. दोष बुद्धीचा नसून, जे दिसायला हवे ते न दाखवण्याचा आहे.

आज्ञावली समजायला अवघड का जाते, याचे उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जायला नको. नाटकाची संहिता आणि नाटकाचा प्रयोग यांत किती अंतर असते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. संहिता कागदावर स्थिर असते. प्रयोगात पात्रे येतात, जातात, हातातली वस्तू दुसऱ्याच्या हाती देतात. आज्ञावलीचेही तसेच आहे. पडद्यावर दिसतात त्या दहा-बारा ओळी म्हणजे संहिता. यंत्र त्या ओळी एकामागून एक पाळू लागते, तेव्हा आत घडतो तो प्रयोग. अनुभवी माणूस संहिता वाचतानाच मनातल्या मनात प्रयोग पाहतो. नवख्याला मात्र आपण नुसती संहिता देतो आणि रंगमंच दाखवायचे विसरतो. मग तो ओळी पाठ करतो. पाठ केलेल्या ओळी परीक्षेपर्यंत टिकतात, त्यापुढे नाही.

हा रंगमंच दाखवायचा मार्ग म्हणजे चित्र. परंतु 'चित्रे काढून शिकवा' एवढे म्हणून भागत नाही. कसले चित्र, कोणी काढलेले आणि किती दिवस, या तीन प्रश्नांची उत्तरे नीट दिली नाहीत, तर चित्रेही निरुपयोगी कर्मकांड बनतात. याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाचा फ्लोचार्ट.

फ्लोचार्टचा जन्म संगणकाच्या खोलीत झालेला नाही. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाच्या ओघाचे तक्ते मांडले. कारखान्यातले एखादे काम कोणत्या पायऱ्यांनी होते आणि त्यात वायफळ हालचाल कोठे होते, हे पाहणे हा त्यांचा हेतू होता. पुढे १९४७ मध्ये हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकाला काम कसे नेमून द्यावे, यावरील आपल्या अहवालात अशा आकृत्यांचा वापर केला, आणि तेथून फ्लोचार्ट संगणकाचा सोबती झाला. सुरुवात-शेवट लंबगोलात, काम आयतात, निर्णय शंकरपाळ्याच्या आकारात, आणि सर्वांना जोडणारे बाण.

निर्णयाच्या बाबतीत हे चित्र खरोखर उपयोगी आहे. लीप वर्षाचेच पाहा. वर्षाला चारने भाग जातो का? नाही, तर लीप नाही. जातो, तर शंभरने जातो का? नाही, तर लीप आहे. शंभरनेही जात असेल, तर चारशेने जातो का? जातो, तर लीप. नाही, तर नाही. म्हणून २००० हे लीप वर्ष होते आणि १९०० नव्हते. हे वाक्यात वाचताना जरा गरगरायला होते. तीन शंकरपाळ्या एकाखाली एक काढल्या की शाळेतले मूलही बोट फिरवत उत्तर सांगेल.

मग तक्रार कसली? तक्रार अशी की, फ्लोचार्ट विचार करण्यासाठी काढायचा असतो आणि आपण तो जर्नल पुरे करण्यासाठी काढतो. आधी आज्ञावली कशीबशी चालवायची, कधी ती शेजारच्याची उतरवायची आणि जर्नल सादर करण्याच्या आदल्या रात्री पट्टी-पेन्सिल घेऊन तिच्यावरून फ्लोचार्ट बेतायचा, हा क्रम कोणत्याही महाविद्यालयाला अपरिचित नसावा. म्हणजे घर बांधून झाल्यावर नकाशा काढण्यासारखेच झाले! हा प्रकार केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात तपशीलवार फ्लोचार्टवर कडक टीका केली आणि अनुभवी माणसे तो आधी काढत नाहीत, हे सांगून टाकले. नवशिक्यांची विचारपद्धतीशी ओळख करून देण्यापुरता त्याचा उपयोग मात्र त्यांनीही मान्य केला. १९७७ मध्ये बेन श्नायडरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. तपशीलवार फ्लोचार्ट दिल्याने आज्ञावली लिहिणे, समजणे वा दुरुस्त करणे यांत काही ठळक फायदा झाल्याचे त्यांना आढळले नाही. उलट १९८९ मध्ये डेव्हिड स्कॅनलन यांच्या प्रयोगात शिस्तशीर रचनेचे फ्लोचार्ट हे शब्दांत लिहिलेल्या पायऱ्यांपेक्षा सरस ठरले.

विद्वानांचे निष्कर्ष असे परस्परविरोधी असले, की आपण सामान्य माणसांनी काय समजावे? मला यातून एक गोष्ट दिसते. फ्लोचार्ट वाट दाखवतो. त्या वाटेने जाणाऱ्याच्या पिशवीत कोणत्या क्षणी काय आहे, हे दाखवत नाही. आणि नवख्याची गल्लत वाटेपेक्षा पिशवीतच जास्त होते.

उदाहरण घेऊ. क मध्ये ५ आहे, ख मध्ये ७ आहे. दोघांची अदलाबदल करायची आहे. नवखा विद्यार्थी सरळ दोन ओळी लिहितो: पहिली 'क = ख', दुसरी 'ख = क'. वाचायला किती स्वाभाविक! पण यंत्र चालवले की दोहोंकडे ७ निघतात आणि ५ नाहीसा होतो. याचा फ्लोचार्ट काढून पाहा: एक आयत, त्याखाली दुसरा आयत, मध्ये बाण. चित्र निर्दोष आहे, आणि चूक त्यात कोठेच दिसत नाही.

आता दुसरे चित्र काढू. कागदावर दोन चौकोन काढून एकावर क, दुसऱ्यावर ख असे नाव लिहू. आत ५ आणि ७ लिहू. पहिली ओळ म्हणते, ख मध्ये जे आहे ते क मध्ये लिही. म्हणून क मधला ५ खोडून तेथे ७ लिहिला. दुसरी ओळ म्हणते, क मध्ये जे आहे ते ख मध्ये लिही. क मध्ये आता आहे काय? ७. झाले! चूक कोणी सांगावी लागली नाही, ती पेन्सिलीच्या टोकाशीच सापडली. ५ पुसण्यापूर्वी तो कोठेतरी उतरवून ठेवायला हवा होता, म्हणजे तिसरा चौकोन हवा, हेही चित्रच सुचवते.

या गोंधळाचे मूळ बरोबरच्या चिन्हात आहे. पाचवीपासून आपण शिकलो की, या चिन्हाच्या दोन्ही बाजू समान असतात. त्या हिशेबाने 'क = क + १' हे विधान अशक्य आहे; कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी नसते. आज्ञावलीत मात्र हे विधान नसून आज्ञा आहे: क मध्ये जे आहे त्यात एक मिळव आणि उत्तर पुन्हा क मध्येच लिहून ठेव. चौकोनात ५ खोडून ६ लिहिणाऱ्याला हा फरक एका क्षणात कळतो. व्याख्येने तो तासाभरातही कळत नाही.

येथे चित्र निवडण्याचाही विवेक लागतो. पुस्तकांत या चौकोनाला बहुधा डबा किंवा पेटी म्हणतात. बेनेडिक्ट डु बूले या ब्रिटिश संशोधकाने नवशिक्यांच्या अडचणींवर १९८६ मध्ये लिहिलेल्या लेखात या उपमेतला धोका दाखवला आहे. डब्यात एकाहून अधिक वस्तू मावतात; म्हणून विद्यार्थ्याला वाटते की ७ आत गेला तरी ५ खाली कोठेतरी असेलच. अदलाबदलीसाठी आपल्याकडे दोन पेल्यांतले दूध आणि ताक यांचे उदाहरण देतात. तिसरा रिकामा पेला लागतो, हे त्यातून छान कळते. पण ओतले की पहिला पेला रिकामा होतो. संगणकात तसे होत नाही, मूळ जागी मूल्य राहतेच. माझ्या मते आपल्याकडे या दोहोंहून चांगली वस्तू आहे आणि ती म्हणजे पाटी. पाटीवर नवे लिहायचे तर जुने पुसावे लागते. आणि एका पाटीवरचे दुसरीवर उतरवले, तरी पहिलीवरचे जात नाही. दोन्ही गोष्टी यंत्रात घडतात तशाच. म्हणून 'डबा नव्हे, पाटी' असे आपण ठरवून टाकावे.

अर्थात पाटीलाही मर्यादा आहे. पायथॉन भाषेत 'जुनी' नावाची गुणांची एक यादी आहे असे समजा. 'नवी = जुनी' असे लिहिले आणि नवी मध्ये आणखी एक आकडा घातला, तर तो जुनी मध्येही दिसू लागतो! पाटीच्या चित्राने याचा उलगडा होत नाही. येथे यादी एकच आहे आणि तिच्याकडे बोट दाखवणारी नावे दोन आहेत. म्हणून एकच लांब चौकट काढून दोन नावांकडून तिच्याकडे दोन बाण काढावे लागतात. कोणतेही चित्र हे शेवटी चित्रच. ते कोठपर्यंत साथ देते आणि कोठे सोडायचे, हे शिक्षकाने सांगितलेच पाहिजे.

पाटीच्या पुढची पायरी म्हणजे तक्ता. आज्ञावलीत जेव्हा तेच काम पुन्हा पुन्हा करायचे असते, ज्याला लूप म्हणतात, तेव्हा प्रत्येक फेरीत पाटीवर काय होते याची एकेक ओळ मांडायची. यालाच ड्राय रन म्हणतात. समजा चार विद्यार्थ्यांचे गुण आहेत: ५४, ७१, ३८, ६६. त्यांतले सर्वांत कमी शोधायचे आहेत. 'कमी' नावाच्या पाटीवर सुरुवातीला ० लिहिले आणि प्रत्येक गुण त्याहून लहान असेल तरच पाटी बदलायची, असा बेत केला. ऐकायला बरोबर वाटतो. तक्ता मांडू. ५४ हे ० पेक्षा लहान आहेत का? नाही, पाटी ०. ७१? नाही, पाटी ०. ३८? नाही. ६६? नाही. उत्तर ०! वर्गात कोणालाच शून्य मिळालेले नाही, तरी उत्तर शून्य. तक्त्यातला तो न हलणारा शून्यांचा रकाना पाहिला की दोष सुरुवातीच्या शून्यात आहे, हे उघड होते. पहिल्याच विद्यार्थ्याचे ५४ पाटीवर लिहून निघालो, तर ७१ ला पाटी तशीच राहते, ३८ ला बदलते, ६६ ला तशीच, आणि उत्तर ३८ येते. लक्षात घेण्यासारखे हे की, चुकीच्या बेताबद्दल यंत्राने एका शब्दाने तक्रार केली नसती. व्याकरण शुद्ध असले की यंत्र समाधानी असते. अर्थाची जबाबदारी माणसाची.

दुसरा प्रश्न, चित्र कोणी काढायचे? आज संगणक स्वतःच उत्तम चित्रे काढतो. १९८१ मध्ये टोरांटो विद्यापीठात रोनाल्ड बेकर यांनी 'सॉर्टिंग आउट सॉर्टिंग' हा सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट तयार केला. आकडे क्रमाने लावण्याच्या नऊ पद्धती त्यात हलत्या आकृत्यांतून दाखवल्या होत्या. २०१० पासून फिलिप ग्वो यांचे 'पायथॉन ट्यूटर' हे साधन उपलब्ध आहे. ते आज्ञावलीच्या ओळीओळीला पाट्या आणि बाण आपोआप काढून दाखवते. ही साधने चांगलीच आहेत. यादीच्या दोन नावांचा वर सांगितलेला गोंधळ त्यात स्वच्छ दिसतो. पण पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. हंडहाउझेन, डग्लस आणि स्टॅस्को यांनी २००२ मध्ये अशा चित्रांविषयीच्या २४ प्रयोगांचा एकत्र विचार केला. चित्रात काय दाखवले यापेक्षा विद्यार्थी त्या चित्राशी काय करतो, याला अधिक महत्त्व आहे, असे त्यांना दिसून आले. स्वयंपाकाचे कार्यक्रम पाहून कोणाला पोळी लाटता आलेली नाही, हे आपल्या घरातही सर्वांना माहीत आहे!

म्हणून माझा आग्रह असा की, पहिले चित्र विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने काढावे. पुढची फेरी काय होईल ते आधी लिहावे आणि मग यंत्राला विचारावे. यात एक मोठी सोय आहे. जेथे एका यंत्रापुढे दोन-तीन जणांना बसावे लागते, किंवा वीज गेली की प्रात्यक्षिक बंद पडते, तेथेही कागद-पेन्सिल चालूच राहते. गरीब महाविद्यालयाला परवडणारी अशी प्रयोगशाळा दुसरी नाही.

कोणी म्हणेल, वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर या चित्रांचे काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. चित्र हे साधन आहे. साध्य आहे ते पाट्यांवरच्या बदलांचे भान. चार विद्यार्थ्यांना चार पाट्या मानून उभे करावे, प्रत्येकाने आपल्याजवळची संख्या मोठ्याने सांगावी, आणि आज्ञा वाचली जाईल तशी ती बदलावी. ड्राय रनचा तक्ताही ओळीओळीने वाचून दाखवता येतो. नाटकाच्या तालमीची सवय असलेल्या आपल्या शाखेला तर हे अधिकच जमावे.

दुसरे कोणी म्हणेल, चित्रे ही लहान मुलांसाठी. मुलांसाठी चित्रमय साधने आहेत, हे खरे. १९६७ मध्ये सिमोर पॅपर्ट, वॉलेस फर्झाइग आणि सिंथिया सोलोमन यांनी 'लोगो' ही भाषा घडवली आणि तिच्या कासवाने पुढे अनेक देशांतल्या मुलांना भूमिती शिकवली. २००७ मध्ये एमआयटीतून आलेल्या 'स्क्रॅच'मध्ये रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून आज्ञावली तयार होते, त्यामुळे स्वल्पविराम चुकला म्हणून अडत नाही. परंतु चित्राचा आधार घेणे पोरकट असेल, तर भूगोलाचा नकाशा, इतिहासातली वंशावळ आणि अर्थशास्त्रातली मागणी-पुरवठ्याची रेघ हीही पोरकटच म्हणावी लागतील. आपण तर वाक्यपृथक्करण शिकलेली माणसे! उद्देश्य कोणते, विधेय कोणते, कोणता शब्द कोणावर अवलंबून, हे मांडून पाहिल्याशिवाय लांब वाक्याचा अर्थ लागत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तीच शिस्त येथे हवी असते. कला शाखेचा विद्यार्थी या प्रांतात पाहुणा नाही, तो ओळखीची हत्यारे घेऊन येतो.

तिसरा प्रश्न, किती दिवस? पांगुळगाडा जितके दिवस लागतो तितकेच. शंभर ओळींच्या आज्ञावलीचा तक्ता कोणी मांडत बसू नये; तेवढ्यात तर वर्ष संपेल. चांगला विद्यार्थी महिन्या-दोन महिन्यांत अवघड जागेपुरताच तक्ता मांडू लागतो आणि बाकीचे मनात पाहतो. चित्र कागदावरून मनात गेले, की कागदाचे काम संपले.

आजचा सर्वांत मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून मराठीत सांगितले तरी आज्ञावली लिहून मिळू लागली. मग शिकायचेच कशाला? मला उलट वाटते. लिहिणे स्वस्त झाले, त्यामुळे वाचणे महाग झाले. यंत्राने दिलेल्या वीस ओळी व्याकरणाने शुद्ध असतील, पण 'कमी'च्या पाटीवर सुरुवातीला चुकीचा आकडा आहे की नाही, हे कोण पाहणार? उद्या शिष्यवृत्तीची यादी, निवडणुकीची आकडेमोड किंवा पाहणीचे निष्कर्ष अशाच आज्ञावलीतून निघतील. त्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हे ठरवायला ओळीओळीचा मागोवा घेता आला पाहिजे. तो घेण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे पाटी आणि तक्ता.

शेवटी, आपल्या प्राध्यापकांपुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो. प्रश्नपत्रिकेत 'आज्ञावली लिहा' या प्रश्नाबरोबर 'ही आज्ञावली तिसऱ्या फेरीनंतर कोणत्या स्थितीत असेल ते मांडून दाखवा' असाही प्रश्न असावा आणि त्याला पुरेसे गुण असावेत; पाठांतराला तेथे वाव नाही. फ्लोचार्ट मागायचा तर आज्ञावलीच्या आधी मागावा आणि तो खाडाखोडीसकट स्वीकारावा. सुबक रेघांना गुण देऊ नयेत. आणि पाट्यांवरची नावे मराठीत लिहायला मोकळीक असावी. २००८ मध्ये पायथॉनची तिसरी आवृत्ती आली, तेव्हापासून 'बेरीज', 'गुण', 'कमी' अशी देवनागरी नावे ती भाषाही स्वीकारते. म्हणजे यंत्राची हरकत नाही. हरकत असलीच तर ती आपल्या सवयीची आहे.

यासाठी नवे यंत्र नको, अनुदान नको, की वेगळा शिक्षकवर्ग नको. फळ्यावर दोन चौकोन काढून 'आता यात काय आहे?' असे वर्गाला विचारण्याची तयारी हवी, आणि उत्तर येईपर्यंत थांबण्याचा धीर हवा. एवढे झाले तर पहिल्या महिन्यात परत फिरणारे आमच्यातले निम्मे तरी टिकतील, असा मला विश्वास वाटतो.